एक साखर कमी

फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. जोगेश्वरी पूर्वेला मजासवाडीत आमचं घर आहे. घरात नेटवर्क नीट येतं ते फक्त ओट्याजवळ, म्हणून मी लॅपटॉप ओट्यावर ठेवून उभ्याने काम करत होतो. ऑफिसचं रिलीज होतं. एक वाजायच्या आत कोड प्रॉडक्शनवर जायचा होता आणि एक टेस्ट काही केल्या पास होत नव्हती.

पलीकडे एक मुलगा होता. आवाज दमलेला. "दादा, तुम्ही बॉम्बे ब्लड ग्रुपचे ना? नवी मुंबईत एका बाईंचं ऑपरेशन अडलंय. उद्या सकाळपर्यंत एक बाटली मिळाली तर बरं होईल."

मी म्हणालो, "मी पुण्यात आहे. दोन दिवसांनी येणार."

"बरं दादा," म्हणून त्याने फोन ठेवला.

आई भांडी लावत होती. तिने मान वळवून पाहिलंही नाही. एवढंच म्हणाली, "पुण्यात?"

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. त्या बाईंचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण तो 'पुण्यात?' अजून कानात आहे, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे. माझं नेमकं काय चुकलं? रक्त दिलं नाही, हे? की आणखी काही? माझ्या रक्तावर त्या बाईंचा काही हक्क होता का?

याचं उत्तर शोधायचं तर आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. एवढ्या मोठ्या मुंबईत तो फोन मलाच का आला? त्याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. बारावीला सीईटीसाठी पाठ करून मी जे विसरलो होतो, त्याच रसायनशास्त्रात.

*

माझ्या कॉलेजच्या आयकार्डवर 'ओ पॉझिटिव्ह' छापलेलं होतं. ओ म्हणजे सर्वांना चालणारं रक्त, असं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे मला त्याचा थोडा अभिमानही होता. २०१९ साली आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं. मी रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा खाल्ला, घरी आलो. चार दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की पुन्हा एकदा नमुना द्यायला या. मला वाटलं, कावीळ वगैरे निघाली. आईने देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते.

तिथल्या मॅडमनी समजावून सांगितलं ते असं. रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. आधी तुमच्या लाल पेशी घेऊन त्यांवर 'ए'विरोधी आणि 'बी'विरोधी द्रव टाकतात. गुठळ्या झाल्या नाहीत तर गट ओ. माझ्या झाल्या नाहीत. आयकार्डवरचा ओ असाच, अर्ध्या तपासणीतून आला असणार. मग उलटी तपासणी करतात. तुमच्या रक्तातला पातळ द्रव घेऊन त्यात ओळखीच्या गटांच्या पेशी टाकतात. ओ गटाच्या माणसाच्या द्रवात ओ गटाच्या पेशी शांत पोहत राहायला हव्यात. माझ्या द्रवात त्यांच्या गुठळ्या झाल्या. म्हणजे मी ओ दिसत होतो, पण माझं रक्त ओ गटालाच शत्रू समजत होतं. मग यूलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून केलेल्या द्रवाने शेवटची तपासणी झाली. हा द्रव 'एच' नावाची खूण ओळखतो. ती खूण माझ्या पेशींवर नव्हती.

"तुम्हाला ओ गटाचं रक्त दिलं असतं तर जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. मी आयकार्ड खिशातून काढून पाहिलं. चार वर्षं मी ते गळ्यात घालून बाइक चालवत होतो.

*

आता ही 'एच' खूण म्हणजे काय ते पाहू. मी अकरावीला जीवशास्त्र सोडून बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं, त्यामुळे हे सगळं मला पंचविशी गाठताना पहिल्यापासून शिकावं लागलं. ज्यांनी जीवशास्त्र सोडलं त्यांच्यासाठी इथे लिहितो. यात अवघड काही नाही. चार गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट, ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनची हाव असते. दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तेव्हा सहसंयुज, म्हणजे कोव्हॅलंट बंध तयार होतो. पण वाटणी दरवेळी समान नसते. हायड्रोजनशी भागीदारी केली की ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो. त्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची किंचित धन.

दुसरी गोष्ट यातूनच निघते. पाण्याच्या एका रेणूतला धन हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऋण ऑक्सिजनकडे झुकतो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. सहसंयुज बंधाच्या मानाने हा फारच लेचापेचा, त्याच्या एक दशांशही ताकदीचा नसतो. क्षणात जुळतो, क्षणात सुटतो. ज्या रेणूंना अशी धन-ऋण टोकं असतात ते पाण्यात मिसळतात. ज्यांना नसतात ते वरणावरच्या तुपासारखे वेगळे राहतात.

तिसरी गोष्ट, साखर. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग असतो तो गॅलॅक्टोज. त्यातही सहा, बारा आणि सहाच. फरक इतकाच की चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा तुरा एकात एका बाजूला असतो आणि दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. अणू तेच, संख्या तीच, पण शरीराच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ. रसायनशास्त्रात आकार हाच अर्थ असतो. बारावीत हे मला कोणी सांगितलं असतं, तर समघटकांच्या त्या कंटाळवाण्या आकृत्या मी जरा प्रेमाने काढल्या असत्या.

चौथी गोष्ट, लाल पेशी गुळगुळीत नसते. तिच्या पृष्ठभागावर साखरांच्या छोट्या माळा उगवलेल्या असतात, एकेका पेशीवर लाखोंनी. या माळेच्या टोकाला गॅलॅक्टोज असतो. आपल्या शरीरातलं एक एन्झाइम त्या गॅलॅक्टोजला फ्युकोज नावाची आणखी एक साखर चिकटवतं. फ्युकोजमध्ये ग्लुकोजपेक्षा एक ऑक्सिजन कमी असतो. हा फ्युकोज जोडला गेला की जी रचना तयार होते, तीच 'एच' खूण.

एवढंच असेल तर तुमचा गट ओ. त्या टोकावर आणखी एक गॅलॅक्टोज बसवणारं एन्झाइम तुमच्याकडे असेल तर गट बी. त्याऐवजी एन-असिटिल-गॅलॅक्टोसामाइन बसवणारं एन्झाइम असेल तर गट ए. नाव लांबलचक असलं तरी तो गॅलॅक्टोजच आहे. दुसऱ्या कार्बनवरचा एक तुरा बदलून तिथे नायट्रोजनवाला तुरा लावलेला, बस. ए आणि बी यांच्यातला फरक हा एवढाच आहे.

म्हणजे शाळेत वाटायचं तसा ओ हा शून्य नाही. ओ म्हणजे एक. आणि ज्यांच्याकडे तो फ्युकोजही नाही, ते खरे शून्य. मी त्यांच्यातला.

*

एक साखर नसल्याने एवढं काय बिघडतं? रोजच्या जगण्यात काहीच नाही. मी क्रिकेट खेळतो, लोकलला लटकतो, सर्दी सगळ्यांसारखीच होते. प्रश्न येतो तो दुसऱ्याचं रक्त घेताना.

आपल्या आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरही अशाच साखरा असतात. लहानपणीच शरीर त्या पाहतं आणि ज्या आपल्याकडे नाहीत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार करून ठेवतं. ए गटाचा माणूस बीविरुद्ध करतो, बी गटाचा एविरुद्ध. माझ्या शरीराने ए, बी आणि एच या तिघांविरुद्ध केली आहेत. यांतली मुख्य प्रतिपिंडं दहा हातांची असतात. एकेका हाताची पकड हायड्रोजन बंधांसारख्या लेच्यापेच्या बंधांचीच. पण असे बरेच बंध एकाच वेळी लागले की पकड घट्ट होते, रेनकोटच्या खिशाच्या वेल्क्रोसारखी. वेल्क्रोचा एक आकडा ओढून काढायला काही जोर लागत नाही, पण सगळे मिळून खिसा उघडू देत नाहीत. मात्र अशी पकड बसायला साखरेचा आकार तंतोतंत जुळावा लागतो. फ्युकोज असेल तर पकड बसते, नसेल तर हात घसरतो. पकड बसली की रक्तातली दुसरी प्रथिनं येऊन त्या परक्या पेशीला भोकं पाडतात. आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तो फ्युकोज माझ्याकडे का नाही? कारण तो बसवणारं एन्झाइम बंद आहे. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या एन्झाइमच्या माळेत ३६५ मणी आहेत. भारतात आढळणाऱ्या बॉम्बे गटात बहुतेक वेळा २४२वा मणी बदललेला असतो. तिथे ल्यूसीन हवं असतं. ते तुपासारखं, पाण्यापासून दूर पळणारं. त्याच्या जागी येतं आर्जिनीन, धन विद्युतभार असलेलं, पाण्याकडे धावणारं. म्हणजे स्वभावच उलटा. मुळात डीएनएमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, टीच्या जागी जी. आमच्या धंद्यात याला टायपो म्हणतात.

*

हे सगळं पहिल्यांदा लक्षात आलं ते परळमध्ये. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. मुंबईत त्यांना अशी माणसं सापडली होती ज्यांचं रक्त ए, बी, ओ कशाशीच जुळत नव्हतं. निबंधावर लंडनच्या चार शास्त्रज्ञांचीही नावं आहेत. त्यांतल्या विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन या दोघांनी त्याच वर्षी दुसरं एक काम केलं होतं. ईल या सापासारख्या माशाच्या रक्तद्रवाने ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या होतात. त्या द्रवात आधी वेगवेगळ्या साध्या साखरा मिसळून पाहिल्या, तेव्हा फ्युकोजने गुठळ्या थांबल्या. म्हणजे द्रव ज्या खुणेला धरत होता तिचं मर्म फ्युकोजमध्ये होतं. रक्तगट ही गूढ गोष्ट राहिली नाही. ती साखर निघाली.

या गटाला नाव मिळालं 'बॉम्बे'. शहराचं नाव केव्हाच बदललं, पण माझ्या रक्ताचं बदललेलं नाही. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो असं मानतात, युरोपात दहा लाखांत एकाचा.

*

आपल्या भाषेत रक्ताला फार मान आहे. रक्ताचं नातं, रक्ताचं पाणी करणं, आपलं रक्त, परकं रक्त. मी ज्या जोगेश्वरीत वाढलो तिथे या शब्दांना वेगळं वजन आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत इथे माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण वस्तीतल्या एका रस्त्याला लोक अजून 'बॉर्डर' म्हणतात, आणि लहानपणी क्रिकेटचा चेंडू तिकडे गेला की आणायला कोण जाणार यावर चर्चा व्हायची.

रक्तगटाचं रसायन कळल्यावर माझा पहिला विचार अगदी फॉरवर्ड करण्यासारखा होता: बघा, रक्तात धर्म नसतो, आपण सारे एक. नंतर वाटलं, हे तितकंसं खरं नाही. रसायन माणसांना एक करत नाही. ते माणसांमध्ये फार कडक भेद करतं, असा की चुकलात तर माणूस दगावतो. फक्त त्याची रेघ आपण ओढलेल्या रेघांवरून जात नाही.

माझ्या घरातलंच उदाहरण घ्या. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे राजापुराकडे अशी लग्नं सर्रास व्हायची, घरातली मुलगी घरात राहिली म्हणून लोक खूश असायचे. बॉम्बे गट अप्रभावी जनुकातून येतो. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळाली तरच तो दिसतो. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. 'रक्त' घरात राखायच्या नादात घरात एक असा मुलगा जन्मला ज्याला घरातलं कोणाचंच रक्त चालत नाही.

अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा गट असण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे ताईला दिवस गेले तेव्हा मी तिच्या मागे लागलो, तुझंही नीट तपासून घे. ती टाळत होती. "आधीच टेन्शन कमी आहे का," म्हणायची. न कळण्याचा हक्क माणसाला आहे असं मी एरवी म्हटलं असतं. पण बाळंतपणात रक्त लागू शकतं, आणि तिच्याही कागदावर ओ लिहिलेलं होतं. शेवटी भाऊजींना सांगून तिला घेऊन गेलो. ती साधी ओ निघाली. फ्युकोज जागेवर.

म्हणजे गंमत अशी की माझ्या लाल पेशी वेळ आली तर ताईला चालतील, कारण त्यांवर पकडण्यासारखं काहीच नाही. तिच्या मला चालणार नाहीत. एका आईची दोन मुलं, आणि बहिणीचं रक्त मला मारू शकतं. पण बॉर्डरच्या पलीकडे, किंवा नवी मुंबईत, किंवा सांगलीत, मी कधी न पाहिलेला कोणीतरी मला वाचवू शकतो. रक्ताचं नातं म्हणायचंच असेल तर ते कोणाशी?

*

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ साली गर्भपाताविषयी एक निबंध लिहिला. त्यातलं एक काल्पनिक उदाहरण आता प्रसिद्ध आहे. तुम्ही सकाळी उठता आणि पाहता तर तुमच्या पाठीला एक बेशुद्ध, नामांकित व्हायोलिनवादक जोडलेला आहे. त्याची मूत्रपिंडं बिघडली आहेत. संगीतप्रेमींच्या संघटनेने तुम्हाला रात्री पळवून आणलंय, कारण साऱ्या जगात फक्त तुमचाच रक्तगट त्याला जुळतो. नऊ महिने असेच पडून राहा, मग तो बरा होईल. तुम्ही नळ्या काढून निघून जाऊ शकता का? थॉमसन म्हणतात, हो. राहिलात तर तो तुमचा मोठेपणा, पण त्याला जगण्याचा हक्क आहे याचा अर्थ तुमच्या शरीरावर हक्क आहे असा होत नाही.

हा निबंध वाचून मला हायसं वाटलं. माझा वकीलच मिळाला. ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तोही म्हणाला, "बरोबर आहे. तू काय सार्वजनिक नळ आहेस का?"

मग पीटर सिंगर वाचला. त्याचा १९७२चा निबंध दुष्काळ आणि मदत यांविषयी आहे. तो विचारतो, उथळ तळ्यात एक मूल बुडताना दिसलं, वाचवायला गेलात तर फक्त कपडे चिखलाने खराब होतील, तर जाणार की नाही? इथे कोणी हक्काची भाषा करत नाही. सगळे म्हणतात, जायलाच हवं.

माझा प्रसंग या दोघांपैकी कोणाचा? गट जुळणारा मीच, म्हणून दिसायला व्हायोलिनवाल्याचा. पण किंमत पाहिली तर तळ्याचा. तीनशे पन्नास मिलिलिटर रक्त, तासभर वेळ, जोगेश्वरीहून गाडीचं भाडं. शरीर द्रव लगेच भरून काढतं, लाल पेशी काही आठवड्यांत. पुरुषाने दोन रक्तदानांत नव्वद दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, म्हणजे वर्षातून चारदाच प्रश्न येतो. नऊ महिने आणि एक तास यांना एकाच मापाने मोजणं अप्रामाणिकपणाचं आहे.

तरीही एक गोष्ट डाचत राहायची. ओ गटाच्या माझ्या मित्राने रक्तदान केलं नाही तर त्याला कोणी जाब विचारत नाही. त्याच्यासारखे लाखो आहेत. मी दिलं नाही तर अपराधी. का? एका एन्झाइमचा टायपो माझ्या वाट्याला आला, एवढ्यासाठी माझं कर्तव्य त्याच्यापेक्षा मोठं? हे अन्यायाचं नाही का?

बराच काळ वाटायचं, आहे. आता वाटतं की मी कर्तव्य चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. फ्युकोज नसल्यामुळे कोणतंही कर्तव्य तयार होत नाही. रेणूंमध्ये 'पाहिजे' नसतं, त्यांच्यात फक्त 'आहे' असतं. २०१९पर्यंतही माझ्याकडे फ्युकोज नव्हता, आणि तेव्हा मी कोणाचंही काही देणं लागत नव्हतो. बदल झाला तो मला कळलं तेव्हा, आणि माझा नंबर यादीत लिहायला मी स्वतः होकार दिला तेव्हा. तळ्याजवळून रोज कितीतरी लोक जातात. ज्याने पाहिलं, त्याला 'मी पाहिलं नाही' म्हणता येत नाही. रसायनाने फक्त एवढं केलं की मला तळ्याच्या काठावर उभं केलं. असं उभं केलं जाणं अन्यायाचं असेलही. पण त्या अन्यायाची भरपाई पाण्यात पडलेल्याकडून वसूल करता येत नाही.

*

एक गोष्ट मी वर लिहिली नाही.

त्या रात्री रिलीज पावणेएकला झालं. मी झोपलो. सकाळी सात वाजता फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला नाही. मग मेसेज आला: 'दादा, पुण्यात तुम्ही कुठे आहात? मी हडपसरला राहतो. गाडी घेऊन येतो, इथल्याच ब्लड बँकेत देता येईल, बाटली आम्ही बसने पाठवू.'

माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून कोणीतरी रात्रीत पुण्यात माणूस शोधला होता. त्याने सकाळी सातला गाडीची चावी हातात घेतली होती. आणि मी जोगेश्वरीत गादीवर पडून तो मेसेज वाचत होतो. उत्तर दिलं नाही.

मला वाटतं, माझं चुकलं ते इथे. 'नाही' म्हणायचा हक्क मला होता. माणसाला ताप असतो, परीक्षा असते, भीती वाटते, कधी नुसता कंटाळा येतो. दहा हजारांत एक असलेल्या माणसाला दरवेळी हो म्हणायला भाग पाडलं तर तो फोन नंबर बदलून टाकेल. पण मी 'नाही' म्हटलं नाही. मी खोटा पत्ता दिला. मी खरं बोललो असतो की, घरीच आहे, एक वाजेपर्यंत काम आहे, तर तो मुलगा म्हणाला असता, मग सकाळी सहाला याल का? त्याने आधीच 'उद्या सकाळपर्यंत' म्हटलं होतं. मला जमलं असतं. तो प्रश्न मला विचारला जाऊ नये म्हणूनच मी पुण्याला गेलो.

आमच्या कामात हे रोज पाहतो. एखादा सर्व्हर बंद असेल तर विनंती दुसरीकडे वळवता येते. जो सर्व्हर चुकीची माहिती परत पाठवतो, तो सगळ्यांचा वेळ खातो. दुर्मिळ रक्तगटाचं सगळं जाळं मोजक्या माणसांच्या शब्दांवर उभं असतं. तिथे विकत रक्त मिळत नाही. पैसे देऊन रक्तदाते आणणं आपल्याकडे १९९८पासून बंद आहे, आणि तेच बरं. म्हणून शब्दाची किंमत रक्ताइतकीच होते. रक्त देण्याच्या कर्तव्याला मर्यादा आहेत. तीन महिने आहेत, तब्येत आहे, नोकरी आहे. खरं उत्तर देण्याला असली कुठलीच मर्यादा मला सापडत नाही. त्याला एक थेंबही लागत नाही.

*

त्यानंतर मी एका रविवारी स्लो लोकलने प्रभादेवीला उतरून पूल ओलांडून परळला गेलो. केईएमच्या आवारात, जिथे भेंड्यांनी काम केलं त्याच परिसरात, रक्तगटांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बाहेर नेहमीची गर्दी होती. गावाकडून आलेले लोक फुटपाथवर डबे उघडून बसले होते. मी उगाच त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. यांतल्या कोणाच्या माळेच्या टोकाला फ्युकोज नसेल, बघून कळणार नव्हतं.

आता फोनमध्ये मी एक नोंद ठेवतो: शेवटचं रक्त कधी दिलं, पुढचं कधी देता येईल, कुठे असतो. फोन आला की आधी ती उघडतो. तेव्हापासून तीनदा फोन आला. दोनदा जाऊन दिलं. तिसऱ्यांदा मला डेंग्यू होऊन आठवडाच झाला होता. मी म्हणालो, "घरीच आहे, जोगेश्वरीला. पण डेंग्यू होऊन गेलाय, आत्ता चालणार नाही. सहा महिन्यांनी चालेल."

पलीकडचा म्हणाला, "ठीक आहे दादा, दुसरीकडे बघतो. सांगितलंत ते बरं झालं."

आई शेजारीच लसूण सोलत बसली होती. या वेळी ती काहीच म्हणाली नाही.